नागपूरहून विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि घरून निघायचं कधी

नागपूर ते मुंबई किती लांब? या प्रश्नाची निदान चार उत्तरं आहेत आणि चारही बरोबर आहेत. रेल्वेच्या हिशेबाने नागपूर ते सीएसएमटी ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. नागपुरातल्या सोनेगावचा विमानतळ ते मुंबईचा विमानतळ, सरळ रेषेत सुमारे ६८३ किलोमीटर. आणि विमान प्रत्यक्षात जेवढं उडतं ते अंतर रोज थोडं निराळं, पण ६८३ पेक्षा जास्तच. वेळेचंही तसंच. तिकिटावर दीड तास, हवेत त्याहून कमी, आणि मानेवाड्याच्या घरापासून दादरच्या घरापर्यंत म्हणाल तर साडेपाच तास.

मोबाइलवर शोधलं की यातला कुठलाही आकडा समोर येतो. नवखा माणूस तो धरून बसतो आणि मग एक तर विमानतळावर धावपळ होते, नाही तर मुंबईला उतरल्यावर पुढची गाडी चुकते. मुलगी पुण्यात नोकरीला लागली, मुलगा बंगळुरूला गेला, दिल्लीला मुलाखत आली, अशा कारणांनी विदर्भातली कितीतरी माणसं पहिल्यांदा विमानात बसतात. हा लेख त्यांच्यासाठी. यातला घर ते घर हा एकच हिशेब शेवटी कामाचा, पण तिथपर्यंत जायला आधीचे आकडे समजून घ्यावे लागतात.

पायरी १: कुठलं अंतर पाहताय ते ठरवा

झिरो माइलच्या खांबाजवळ कधी थांबून खालचं कोरीवकाम वाचलंय का? चार घोड्यांसमोर फोटो सगळेच काढतात, पण त्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, सिवनी ७९, छिंदवाडा ८३. हैदराबादचे ३१८ मैल म्हणजे ५१२ किलोमीटर. आजही नागपूर-हैदराबाद रस्ता पाचशेच्या आसपासच भरतो. विमानाला मात्र हे अंतर सुमारे ४३३ किलोमीटरच पडतं, कारण विमानाला घाट, नदी, वळण काही नसतं. म्हणून विमानाचा वेळ काढताना रस्त्याचे किंवा रेल्वेचे किलोमीटर धरू नका. सरळ रेषेचे धरा.

सोनेगावहून सरळ रेषेत साधारण अंतरं अशी: हैदराबाद ४३३, पुणे ६०५, मुंबई ६८३, दिल्ली ८५०, बंगळुरू ८८५, चेन्नई ९०५, कोलकाता ९८६ किलोमीटर.

हे आकडे एकत्र पाहिले की लक्षात येतं, देशाचं कुठलंही महानगर नागपूरहून हजार किलोमीटरच्या आतच आहे. याचा फायदा टपाल खात्याने फार आधी ओळखला होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून विमानं टपालाच्या थैल्या घेऊन मध्यरात्री सोनेगावला यायची, इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. आज नागपूरकरांना दोन तासांत कुठेही पोचता येतं, ते याच भूगोलामुळे.

पायरी २: अंतर स्वतः काढून पाहा

ही पायरी गाळली तरी चालेल, पण शाळेतल्या पायथागोरसचा असा उपयोग पुन्हा कधी व्हायचा? मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. सोनेगाव २१.१ उत्तर, ७९.०५ पूर्व. मुंबई विमानतळ १९.१ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक २ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून २२२. रेखांशातला फरक जवळपास ६.२ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर जाऊ तसा आकसत जातो. आपल्या पट्ट्यात तो साधारण १०४ किलोमीटरचा धरा. ६.२ गुणिले १०४ म्हणजे ६४५. आता २२२ आणि ६४५ च्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. उत्तर ६८२. अचूक गणित ६८३ सांगतं. कागद-पेन्सिलीला एवढी चूक माफ.

दिल्लीसाठी रेखांशाचा अंश १०१ किलोमीटर धरा आणि बंगळुरूसाठी १०६. देशाबाहेरच्या लांबच्या शहरांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे पृथ्वीचा गोलावा मध्ये येतो.

पायरी ३: अंतरावरून वेळ काढा

हा भाग नीट वाचा, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

आपल्याकडची बहुतेक मोठी विमानं एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची. पूर्ण उंचीवर गेल्यावर त्यांचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या थोडा पुढे. पण विमान दारातून निघाल्या निघाल्या या वेगाने जात नाही. मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, रांगेत थांबणं, पुन्हा पार्किंगपर्यंत रांगणं, या सगळ्यात वेळ जातो. म्हणून ढोबळ सूत्र असं: सरळ अंतराला ८०० ने भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा.

मुंबई: ६८३ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे दीड तास. पुणे: ४५ अधिक ४०, जवळपास दीड तासच. हैदराबाद: ३२ अधिक ४०, सव्वा तासाच्या आत. दिल्ली आणि बंगळुरू पावणेदोन तास. कोलकाता त्याहून दहा मिनिटं जास्त. वेळापत्रकातले आकडे याच्या पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे सापडतील.

मजा बघा, हैदराबाद पुण्यापेक्षा पावणेदोनशे किलोमीटर जवळ आहे, पण विमानात फरक फक्त दहा-पंधरा मिनिटांचा पडतो. ती ४० मिनिटं सगळ्यांना सारखीच असतात. म्हणून जवळच्या गावाला विमानाचा फायदा कमी आणि लांबच्या गावाला जास्त.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती उड्डाणाची नसते. सुटण्याची वेळ म्हणजे विमान पार्किंगच्या जागेवरून हलण्याची वेळ, आणि पोचण्याची वेळ म्हणजे दुसरीकडे पार्किंगला उभं राहण्याची. १० चं विमान १० वाजून १२ मिनिटांनी आकाशात गेलं तर ते उशिरा सुटलेलं नाही. आणि कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात. त्यामुळे पंधरा मिनिटं उशिरा निघालेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं. वैमानिकाने फार जोरात हाकललं असं समजून टाळ्या वाजवू नका.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि विमानांची रांग मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत. म्हणून ‘आपण लवकरच उतरणार आहोत’ अशी घोषणा झाल्यावरही विमान कधी कधी घिरट्या घालत राहतं. खिडकीतून तोच डोंगर दोनदा दिसला तर घाबरू नका, आपला नंबर यायचा आहे एवढंच. मुंबईच्या विमानाला मी सूत्रात आणखी पंधरा मिनिटं मनातल्या मनात धरतो.

विमानाची जातही पाहा. तिकीट काढताना बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पंखे लावलेलं एटीआर ७२ असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास, त्याला ८०० चं सूत्र लागू नाही. अमरावतीकरांना हे विशेष कामाचं. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली ती एटीआरचीच. अमरावती मुंबईला नागपूरपेक्षा जवळ असूनही विमानात वेळ नागपूरहून कमी लागत नाही. पण अमरावतीहून सोनेगावपर्यंतचा दीडशे किलोमीटरचा रस्ता वाचतो, तेव्हा वार आणि वेळ जुळत असेल तर तेच बरं.

राहिला वारा. हिवाळ्यात मध्य आणि उत्तर भारतावर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मुंबईला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. वारा ताशी ९० किलोमीटरचा असला तर जाण्या-येण्यात सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो. तिकिटावर ‘जाताना १ तास ४०, येताना १ तास ३०’ असं दिसलं तर ती छपाईची चूक नाही.

पायरी ४: तिकीट शब्द न् शब्द वाचा

‘मुंबई’ एवढं वाचून थांबू नका. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही वाहतूक सुरू झाली आहे. तीन अक्षरी खूण पाहा: बीओएम म्हणजे जुना, सांताक्रूझ-अंधेरीकडचा. एनएमआय म्हणजे उलव्याजवळचा नवी मुंबईचा. पनवेल-खारघरला जाणाऱ्याला नवा सोयीचा, बोरिवलीला जाणाऱ्याने तिथे उतरलं तर अर्धा दिवस गेलाच म्हणा. जुन्या विमानतळावरही टी१ आणि टी२ ही टर्मिनल वेगवेगळी आहेत, रस्त्याने चार-पाच किलोमीटर दूर. न्यायला येणाऱ्याला टर्मिनल आधीच कळवा. गोव्याचंही तेच, दाभोळी आणि मोपा ही दोन टोकं आहेत. दिल्लीला तर तीन वेगवेगळी टर्मिनल आहेत.

मग पाहा की विमान मध्ये थांबतंय का. ‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान वाटेत एका शहरात उतरून त्याच क्रमांकाने पुढे जाऊ शकतं. ‘नॉन-स्टॉप’ लिहिलेलं कुठेच थांबत नाही. नागपूरहून गुवाहाटी, कोची अशा ठिकाणी जाताना बहुधा विमान बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा पोचलं तरी पुढची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर मधे निदान तीन तास ठेवा, कारण पुढचं विमान चुकलं तर पैसे तुमचे.

मध्यरात्रीनंतरच्या विमानात तारखेचा घोळ होतो. १५ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे १४ तारखेला जेवून रात्री दहाच्या सुमारास घरून निघायचं. १५ च्या रात्री बॅग घेऊन पोचलात तर विमान जाऊन वीस-बावीस तास झालेले असतील.

आखाताकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. नागपुरातून दोहा आणि शारजाला थेट विमानं चालत आली आहेत आणि अशा तिकिटांवर पोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते. दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, शारजाचं दीड तास. समजा, विमान पहाटे ३:४५ ला निघून ५:३० ला दोह्याला पोचतं असं लिहिलंय. पावणेदोन तासांत दोहा? नाही. ५:३० मध्ये अडीच तास मिळवा, ८:०० होतात, म्हणजे प्रवास सव्वाचार तासांचा. घरच्यांनी फोनची वाट कधीपासून पाहायची, हेही यावरूनच ठरवा.

पायरी ५: महिना आणि वेळ पाहून विमान निवडा

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, सगळा लवाजमा मुंबईहून इथे येतो आणि शनिवार-रविवार आला की मुंबईकडे धावतो. त्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळचं मुंबईचं तिकीट स्वस्तात मिळेल ही आशा सोडा. तारखा जाहीर झाल्या की लगेच तिकीट काढा, किंवा उलट्या दिशेने प्रवास ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटे धुकं पडतं. सकाळची विमानं तासन् तास खोळंबतात, आणि तेच विमान पुढे नागपूरला यायचं असेल तर इथे आभाळ निरभ्र असूनही आपण ताटकळतो. मुलाखत किंवा कोर्टाची तारीख असेल तर आदल्या दिवशी दुपारचं विमान घ्या.

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की हवा विरळ होते आणि विमानाला उडायला जास्त धाव लागते. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटरची असल्याने त्याची काळजी आपण करायचं कारण नाही. मात्र तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, त्यामुळे मे महिन्यात दुपारच्या विमानाला चढता-उतरताना चांगलेच हिसके बसतात. लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा पोट नाजूक असलेले सोबत असतील तर पहाटेचं विमान घ्या. तेव्हा हवा शांत असते.

जुलै-ऑगस्टात मुंबईच्या पावसाचा भरवसा नाही. त्या दिवसांत मुंबईहून पुढे दुसरं विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर मधे भरपूर मोकळा वेळ ठेवा.

पायरी ६: घर ते घर हिशेब मांडा

कागद घ्या. समजा, १० वाजताचं विमान आहे आणि घर मानेवाड्याला. चेक-इनचा, म्हणजे बॅग देऊन बोर्डिंग पास घ्यायचा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि विमानात चढण्याचं गेट २५ मिनिटं आधी. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन तास आधी विमानतळाच्या दारात असावं, म्हणजे आठला. घरून साडेसातला निघा. विमान मुंबईला ११:३५ ला उभं राहिलं. बॅग बेल्टवर यायला अर्धा तास, १२:०५. तिथून टॅक्सीने दादरला पाऊण ते एक तास. एक वाजला. एकूण साडेपाच तास, त्यातला विमानात बसण्याचा फक्त दीड.

यातला वेळ कापता येतो. सात किलोच्या आतली एकच बॅग हातात ठेवली आणि वेब चेक-इन घरूनच केलं तर काउंटर आणि बेल्ट दोन्ही टळतात. मुंबईत टी१ आणि टी२ दोन्हीखाली भूमिगत मेट्रो ३ चं स्टेशन आहे. दादर, सिद्धिविनायक, वरळी, पार कफ परेडपर्यंत गाडी बदलायची गरज नाही. आटोपशीर सामान असेल तर टॅक्सीपेक्षा हेच उत्तम.

आता हेच इतर पर्यायांशी ताडून पाहा. दुरांतो रात्री निघून साधारण अकरा-साडेअकरा तासांत सकाळी सीएसएमटीला सोडते. पण त्यातले सात-आठ तास झोपेचे, आणि हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाचतो. समृद्धी ५ जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला. तो आठ तासांचा म्हणतात, पण आमण्याहून दादर पुन्हा दीड तास, शिवाय जेवणखाण आणि चालकाची दमछाक. चार माणसं, भरपूर सामान आणि नाशिक-शिर्डी करत जायचं असेल तर गाडी. सकाळी अकराची मीटिंग असेल तर रात्रीची रेल्वे. जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तरच विमानाला पर्याय नाही.

पुण्याचं विमान मला सगळ्यात फायद्याचं वाटतं. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, ८८१ किलोमीटरला बारा तास, तेही दिवसभर बसून. लोहगावचा विमानतळ पुणे स्टेशनपासून दहाएक किलोमीटरवर. म्हणजे विमानाने घर ते घर पाच तासांच्या आत होतं. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा उतरताना खिडकीतून मोबाइलने चित्रण करू नका, मनाई आहे.

बंगळुरूचं उलटं. विमानात पावणेदोन तास आणि देवनहळ्ळीच्या विमानतळाहून इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं असेल तर रस्त्यावर जवळपास तेवढेच. हैदराबादला शमशाबादच्या विमानतळाहून सिकंदराबाद गाठेपर्यंत तासभर सहज जातो. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सव्वासात तासांच्या आसपास घेते आणि गावात नेऊन सोडते. तिकिटाच्या दरात मोठा फरक असेल तर हैदराबादला मी रेल्वेच सुचवेन. रायपूर, जबलपूरसाठी तर विमानाचा विचारही करू नका.

पायरी ७: सोनेगाव गाठा

मेट्रोची नारिंगी मार्गिका वर्धा रोडवरूनच जाते, पण तिच्यावर तीन स्टेशनांच्या नावात एअरपोर्ट आहे: एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. नवखा माणूस ‘न्यू’ वाचून तिथे उतरतो आणि मिहानच्या मोकळ्या रस्त्यावर उभा राहून रिक्षा शोधतो. टर्मिनलसाठी उतरायचं ते नुसत्या ‘एअरपोर्ट’ स्टेशनला. सीताबर्डीकडून येताना उज्ज्वलनगरनंतर लगेच हे स्टेशन येतं. तेही टर्मिनलला चिकटून नाही, पुढे थोडं अंतर आहे. सामान असेल तर तेवढ्यापुरती ऑटो करा. पहाटेच्या विमानाला मेट्रो उपयोगाची नाही, कारण त्या वेळी ती सुरूच झालेली नसते. आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा.

वर्धा, चंद्रपूर, यवतमाळकडून एसटीने येणाऱ्यांनी गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जाऊन पुन्हा उलटं यायची गरज नसते. गाडी वर्धा रोडनेच येते. खापरीला थांबते का ते कंडक्टरला आधी विचारा. तिथे उतरलात तर खापरीहून मेट्रोने तिसरं स्टेशन एअरपोर्ट.

पायरी ८: आत गेल्यावर

दारावर तिकीट आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना चालतो. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. सासरचं-माहेरचं आडनाव वेगवेगळं असेल तर तिकीट काढतानाच ओळखपत्र समोर ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाचा वयाचा पुरावा विसरू नका.

सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये नागपूरकर ओळखू येतो. बॅगेतून संत्रा बर्फीचे डबे निघतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मग निघतो सावजी मसाल्याचा पुडा. मिरचीची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही, ती आधीच खाली जाणाऱ्या बॅगेत टाका, लोणच्याची बरणीही तिथेच. सुकं खोबरं खालच्या बॅगेतही नको, ते पेट घेणारं म्हणून अडवतात. एखाद्या काकांच्या खिशातून अडकित्ता निघतो आणि मग ‘अहो, सुपारीचा आहे, कोणाले काय करणार बाप्पा!’ अशी विनवणी सुरू होते. अडकित्ता, चाकू, काडेपेटी, लायटर यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. पॉवर बँकेचं नेमकं उलटं, ती हातातल्या बॅगेतच हवी, खालच्या बॅगेत चालत नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल एवढंच, विमानात पिंक टाकायला जागा नाही. दीड तास धीर धरा.

दिल्लीला सकाळी जाताना ऊन उजव्या बाजूने येतं, दुपारनंतर डाव्या. सावली हवी तर सकाळी ‘ए’ अक्षराची डावीकडची खिडकी मागा.

पायरी ९: विमान रखडलं तर

पंधरा-वीस मिनिटांच्या उशिराला काही मिळत नाही. पण अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होत असेल तर वेळेवर पोचलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. नागपूरहून सुटणारी देशातली मोठ्या शहरांची थेट विमानं या अडीच तासांतच बसतात. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक तुम्ही निवडायचं.

आधी न कळवता विमान रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर भरपाईही आहे, आणि ती ठरते वेळापत्रकातल्या प्रवासाच्या वेळेवर. एक तासापर्यंतच्या विमानाला कमाल ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या विमानाला ७,५००, त्यापुढे १०,०००. मात्र एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून यापेक्षा कमी होत असेल तर तेवढंच मिळतं. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू, नागपूरहून ही सगळी विमानं मधल्या गटात मोडतात. धुकं, वादळ, संप यांना भरपाई नाही, पण परतावा किंवा दुसरं विमान तिथेही मागता येतं. काउंटरवरचा मुलगा ‘वरून आलं आहे सर’ म्हणाला तर रद्द होण्याचं कारण लेखी किंवा एसएमएसवर मागून घ्या, बोर्डिंग पास फेकू नका, आणि खाण्याचं कूपन न मागता हातात पडेल अशी वाट पाहत बसू नका.